खिळीवरचा शेंदूर

समई अर्धी लख्ख झाली होती, अर्धी अजून काळीच होती, तेवढ्यात दार वाजलं. हाताला चिंचेचा कोळ, म्हणून कोपराने कडी काढली. दारात तेजल उभी होती. एका हातात नारळाची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल, अंगात वर्कशॉपचा करडा शर्ट, आणि आज कपाळावर ठसठशीत कुंकू.

"काकू, हात धुवा आणि चला माझ्याबरोबर."

"अगं, खंडेनवमी आज! समई बघ माझी. पूजा मांडायचीय, ह्यांचा पान्यांचा डबा पुसायचाय."

"म्हणूनच तर आज. आज सगळ्या गाड्या पूजेला घरी असतात. आज नाही गेले तर ते ट्रकवाले कोंडीराम पुन्हा वर्षभर हाती लागायचे नाहीत. आणि पूजेच्या वेळेला कुणाच्या अंगणात जायचं तर नारळ कुठे ठेवायचा, आधी नमस्कार कशाला करायचा, हे मला कुठे कळतं? तुम्ही पाहिजेच."

हे गॅलरीतून म्हणाले, "जा, जा. पूजा मी मांडतो. आयुष्यभर मशीन चालवलंय, एक दिवस हळद लावता येईल मला."

मी समई तशीच ताटात ठेवली आणि पायात चपला सरकवल्या.

तेजल आमच्या खालच्या मजल्यावर राहते. माहेर पिंपळे गुरवचं, वडील ट्रक ड्रायव्हर, कॉलेज आकुर्डीला झालं, आणि लग्न होऊन इकडे चाकणला आली. नाशिक रस्त्यावर ट्रकचं मोठं वर्कशॉप आहे, तिथे ती कामाला आहे. तिचं काम काय, हे मला समजायला बरेच दिवस लागले. तिच्या सासूबाई जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "आमची सून दिवसभर परक्या बाप्यांना फोन करून 'या हो, या हो' म्हणती. कंपनी त्येचा पगार देती." तेजलही हसून सांगायची, "खरंच आहे आईंचं."

गोष्ट अशी आहे. कधी कधी ट्रक बनवणाऱ्या कंपनीला उशिरा कळतं, की अमुक काळात ज्या गाड्या बनल्या त्यांच्यात एक भाग कच्चा लागला. गाड्या तर विकल्या गेल्या, देशभर पसरल्या. मग त्या सगळ्या परत बोलवायच्या, तो भाग फुकट बदलून द्यायचा. ह्याला रिकॉल म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसेना. विकलेलं लुगडं दुकानदार परत बोलावतो का, की बाई, ह्याचा एक धागा कच्चा आहे, आण, बदलून देतो? आणि इथे तर डोंगराएवढी धुडं. कुठे आसामात, कुठे कच्छात, कुठे आपल्याच मोशीच्या नाक्यावर उभी. त्यातल्या एकेका गाडीला हाक मारायची. ती हाक आमच्या खालच्या मजल्यावरची पोरगी मारते. मी देवाला रोज नमस्कार करताना म्हणते की बाबा, तुझं लक्ष सगळ्यांकडे असू दे. पण लक्ष ठेवणं म्हणजे काय कष्टाचं काम असतं, ते मी हिच्याकडे बघून शिकले.

ह्या वेळी कच्चा निघालेला भाग अगदीच एवढासा. मला तिने कणकेच्या गोळीवर उदबत्तीची काडी खोचून समजावला होता. ड्रायव्हर स्टीअरिंग फिरवतो तेव्हा पुढची चाकं वळतात ती एका लोखंडी दांड्यामुळे. त्या दांड्याच्या टोकाला नट असतो. तो नट सैल होऊ नये म्हणून त्यातून आरपार एक पिन घालतात, करंगळीच्याही निम्म्याने बारीक. काही गाड्यांत ही पिनच ठिसूळ आली होती. पिन मोडली की नट हळूहळू सुटतो, आणि नट सुटला की दांडा निसटतो.

"मग काय होतं?" मी विचारलं होतं.

"मग स्टीअरिंग हातात गरगर फिरतं, काकू. चाकं आपली सरळच जातात."

मी ती काडी उचलून परत उदबत्तीच्या पुड्यात ठेवली होती.

आता ड्रायव्हर लोक हे ऐकतात का? अजिबात नाही. जेवायच्या वेळेला ते फोन उचलतात, म्हणून पुष्कळदा तेजल घरूनच, खालच्या गॅलरीतून बोलते, आणि मला वर भाजी निवडताना सगळं ऐकू येतं. एकदाचं बोलणं तर पाठच आहे.

"मॅडम, गाडी चालू हाय ना? मग दुरुस्त काय करायची?"

"दादा, घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"का? स्थळ आणलंय का?"

"आणते की. आधी वहिनींचा नंबर द्या, त्यांना विचारून आणते."

पलीकडून हसण्याचा गडगडाट झाला. पण नंबर मिळाला. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "वहिनी, मी तेजल बोलतेय, चाकणवरून. तुमच्या गाडीच्या स्टीअरिंगची एक पिन बदलायची आहे. पैसे लागत नाहीत. पिन तुटली तर स्टीअरिंग फिरतं, पण चाकं फिरत नाहीत." एवढं बोलून ती गप्प बसली. भरीला एक शब्द नाही. दोन-चार दिवसांत ती गाडी वर्कशॉपच्या दारात होती. ड्रायव्हर म्हणाला म्हणे, "मॅडम, घरात जेवण बंद केलं राव तिनं. काय ती पिन बदला लवकर."

ही युक्ती तिला कुणी शिकवली नाही. ती म्हणते, "माझ्या बाबांना कंपनीच्या साहेबाने कितीही फोन केले असते तरी ते गेले नसते. आई ताट वाढताना एकदा बोलली असती, की दुसऱ्या दिवशी गेले असते. सगळ्यांचे बाबा तसेच असणार ना, काकू?"

तर आज आम्ही निघालो. वर्कशॉपची व्हॅन होती आणि ती चालवायला बुद्धरत्न. हा तिथला मेकॅनिक, दापोडीचा, ह्याचे वडीलही कारखान्यातच होते. पोरगा फार अदबीचा. मला पुढची सीट दिली, म्हणाला, "काकू, पट्टा लावा. गाडीला हार घातलाय, पण पट्टा लावाच."

"आज तुझ्या वर्कशॉपात पूजा नाही का?" मी विचारलं.

"झाली की सकाळी. सगळे पाने, जॅक, हातोडे ओळीने मांडून ठेवलेत, हळदकुंकू वाहिलंय. आता उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. म्हणून तर नुसती बॅटरी घेऊन निघालोय. आज फक्त बघायचं आणि तारीख द्यायची."

"तुमच्या घरी असते खंडेनवमी?"

"आमच्याकडे दसऱ्याला वेगळं असतं, काकू. आम्ही विहारात जातो. पण वर्कशॉपातली पूजा सगळ्यांची. नारळ मीच फोडतो, माझा एका घावात फुटतो."

रस्ता काय दिसत होता! नाशिक रस्ता एरवी धूर आणि हॉर्न यांनी नकोसा होतो. आज जो ट्रक बघावा त्याला झेंडूच्या माळा. बंपरला उसाची आणि केळीची पानं, चाकांवर हळदीची बोटं, आरशांना लिंबू. एवढाली यंत्रं न्हाऊन-माखून ओळीने उभी, लग्नाला निघालेल्या वऱ्हाडासारखी. माझे हात आपोआप जोडले गेले. चाकणच्या चक्रेश्वराची कथा मनात आली. दशरथ राजाच्या रथाचं चाक इथेच निखळलं, असं आमच्याकडे म्हणतात. लढाईत रथाचा आस ढिला झाला तेव्हा कैकेयीने तिथे स्वतःचं बोट घातलं आणि रथ सावरून धरला, ही कथा तर सगळ्यांना ठाऊकच आहे. मी तेजलला म्हटलं, "बाई, तुझं कामही तसंच आहे हो."

"नको काकू, कैकेयी नको," ती मागून म्हणाली. "तिला दोन वर मिळाले आणि पुढे काय झालं ते बघा. मला मशीनचा चहा मिळतो, तेवढा पुरे."

कोंडीरामांची गाडी पूजेला आली होती ते सोपानरावांचं अंगण कुरुळीच्या बाजूला आहे. पूर्वी तिथे कांदा व्हायचा. जमीन कारखान्यात गेली आणि आता कांद्याच्या जागी ट्रक उभे असतात. विहीर तेवढी अजून आहे, कठड्याला रेलून टायर ठेवलेले. सोपानराव स्वतःच गाडी चालवतात. पन्नाशीचा, दणकट, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांची गाडी अंगणाच्या तोंडाशी उभी होती, मागे पोलादी पत्र्याची गुंडाळी साखळदंडांनी बांधलेली. त्यामागे त्यांच्या मेव्हण्याची, म्हणजे कोंडीरामांची गाडी. ह्या कोंडीरामांनीच तेजलला महिनोन्‌महिने हुलकावणी दिली होती.

"आली बघा, आली! फोनवाली बाई घरापत्तूर आली!" कोंडीराम गाडीच्या आड सरकत ओरडले.

"दादा, लपता कशाला? नारळ आणलाय, पोलीस नाही आणला," तेजल म्हणाली.

"मेव्हण्या, बाहेर ये," सोपानराव म्हणाले. "माझं झालंय गेल्या दिवाळीतच, मी कशाला भिऊ? मला तर काम पूर्ण झाल्याचा मेसेजबी आला. तुझं तू बघ. मी चाललो. नैवेद्य झाला की सुटायचं. माल बंदरावर पोचला पाहिजे, जहाज माझ्यासाठी थांबायचं न्हाई."

बंदर म्हणजे बोरघाट उतरून जायचं. खाली जाताना ते वळण, ती दरी. मी मुलाच्या गाडीतून जातानाही डोळे मिटून घेते.

मी नारळ पूजेपुढे ठेवला. गाडीच्या पुढ्यात चादर अंथरून सोपानरावांनी आपली हत्यारं मांडली होती. पाने, पक्कड, हातोडी, टायर खोलायचा लांब दांडा. प्रत्येकावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. बुद्धरत्न बॅटरी घेऊन कोंडीरामांच्या गाडीच्या उजव्या चाकामागे वाकला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "जुनीच पिन आहे. ठिपका नाही."

तेजलने मला सांगितलं, की पिन बदलली की मेकॅनिक तिथे भगव्या रंगाचा ठिपका देतो. पुन्हा गाडी आली तर ठिपका बघून कळावं की हिचं काम झालेलं आहे. कोंडीरामांच्या बायकोने आतूनच आवाज दिला, "परवाची तारीख द्या त्यास्नी, मी पाठवती," आणि कोंडीराम मुकाट झाले. आमचं काम संपलं होतं. प्रसाद घ्यायचा आणि निघायचं.

तेवढ्यात सोजराबाई आल्या. ह्या सोपानरावांच्या आई. पंचाहत्तरीच्या असतील, बारीक अंगाच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी. गुडघ्यावर हात ठेवत त्या कोंडीरामांच्या गाडीच्या त्याच चाकापाशी बसल्या, हात आत घातला, आणि जिथे बुद्धरत्नने आत्ता बॅटरी मारली होती, नेमकं तिथेच शेंदराचं बोट टेकवलं. मग हात जोडले.

तेजल माझ्या शेजारी उभी होती. तिचा हात माझ्या दंडावर आला आणि घट्ट झाला.

"आजी," ती म्हणाली, "तिथे का लावलात शेंदूर?"

"खीळ हाय न्हवं ती," सोजराबाई म्हणाल्या. "आमची बैलगाडी व्हती तवा आसाच्या टोकाला खीळ असायची. ती निसटली की चाक गेलंच. आमच्या सासूबाई खंडेनवमीला खिळीला शेंदूर लावायच्या, मग मीबी लावाय लागले. टरक आला तवा सोपानाला इचारलं, हिची खीळ कुठं हाय रं? त्यानं ही दावली. तवापासनं दर साली लावती. आलेल्या समद्या गाड्यांना लावती. कुणाची का असंना."

"गेल्या वर्षी पण?"

"व्हय तर. कोंडीरामाची तेवढी आली नव्हती, बाकी समद्यांना."

तेजलने बुद्धरत्नला हाक मारली. "बुद्धा, बॅटरी मार परत. आता सांग, ही गाडी झालेली आहे की नाही?"

तो वाकला. वाकलेलाच राहिला. मीही पदर खोचून त्याच्या बाजूला बसले आणि आत बघितलं. काळ्या ग्रीसमध्ये एक गोल भगवा ठिपका. ताजा होता म्हणून चमकत होता, एवढंच. चार दिवस धूळ बसली असती तर देवाचा शेंदूर कुठला आणि वर्कशॉपचा रंग कुठला, कुणी सांगितलं असतं?

"सोपानरावांची गाडी दिवाळीत ग्रीसिंगला आली होती," बुद्धरत्न हळूहळू म्हणाला. "मी पाहिली. ठिपका होता. मला वाटलं, दुसऱ्या वर्कशॉपात करून घेतली असेल. मी झालेली म्हणून नोंद टाकली." "आमच्या घरी शेंदूर नसतो, ताई. माझ्या डोक्यातच आलं नाही."

त्याच क्षणी पुढे इंजिन सुरू झालं.

सोपानराव केबिनमध्ये बसले होते. माळ घातलेली, काचेवर स्वस्तिक, आणि ते सगळं धूड थरथरायला लागलेलं. तेजल धावत पुढे गेली. "सोपानराव, बंद करा गाडी! पिन बघायचीय!"

"काय बघायचंय? झालंय म्हणलं ना! तुमचाच मेसेज हाय, दावू का?"

"तो चुकलाय."

"आरं वा! झालं न्हाई तवा या म्हणता, झालं तवा चुकलं म्हणता. म्याडम, माल बांधलाय, पूजा झाल्या. पूजा झालेल्या गाडीला आज कोन हात लावत न्हाई. तुमच्या काकूंनाच इचारा!"

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरंच आहे, मीच सगळ्यांना सांगत असते, आजच्या दिवशी हत्यार उचलू नये, वाहिलेला शेंदूर पुसू नये. माझ्या सासूबाईंनी मला तेच सांगितलं होतं. मला काय बोलावं सुचेना. मी चक्रेश्वराचं नाव घेतलं, तेवढंच.

पण तेजल माझ्याकडे बघतच नव्हती. सोपानरावांशी बोलणंही तिने सोडून दिलं होतं. ती मागे गेली, सोजराबाईंच्या समोर खाली मातीतच बसली, आणि जो आवाज मी गॅलरीतून ऐकते, त्या आवाजात म्हणाली, "आजी, तुम्ही लावलेल्या शेंदराच्या खाली पिन मोडलेली असेल किंवा नसेल. मला माहीत नाही. मोडलेली असेल तर स्टीअरिंग फिरेल, पण चाकं फिरणार नाहीत."

एवढं बोलून ती गप्प बसली.

इंजिनाचा आवाज चालूच होता. सोजराबाईंनी वाटीतल्या शेंदराकडे पाहिलं, मग मुलाच्या गाडीकडे. त्या उठल्या. चालत पुढे गेल्या आणि केबिनच्या दाराखाली उभं राहून ओरडल्या, "बंद कर."

"आये, अगं..."

"बंद कर म्हणते न्हवं!"

इंजिन बंद झालं. एकदम अशी शांतता पडली की विहिरीतला पारवा घुमलेला ऐकू आला. त्या उजव्या चाकापाशी बसल्या. आजच लावलेला शेंदूर, त्याच्याखाली गेल्या वर्षीचा, त्याच्याखाली त्याच्या मागचा. त्यांनी पदराचं टोक हाताला गुंडाळलं, कपाळाला लावलं, म्हणाल्या, "देवा, तुझंच बघतुया," आणि तो शेंदूर पुसून काढला. पुसत राहिल्या, पार लोखंड दिसेपर्यंत. पदर भगवा आणि काळा झाला.

बुद्धरत्नने बॅटरी धरली. पिनेचं एकच टोक भोकात अडकलेलं होतं. बाकीची पिन नव्हतीच. ते उरलेलं टोकही त्याने नखाने ओढलं तसं हातात आलं. तेलातला शेंदूर घट्ट बसला होता, त्यानेच ते धरून ठेवलं होतं. मग त्याने नटाला बोट लावलं. पाना नाही, पक्कड नाही, नुसती दोन बोटं. नट फिरला.

मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एवढा मोठा ट्रक, त्यावर एवढं पोलाद, पुढे तो घाट, आणि हे सगळं ज्या नटावर, तो बरणीच्या झाकणासारखा दोन बोटांत फिरत होता.

सोपानराव खाली उतरले होते. त्यांनी स्वतः नटाला बोट लावून पाहिलं. मग विहिरीपाशी जाऊन टायरवर बसले. मोठ्या आवाजाचा माणूस, पण आवाज निघेना.

"परवा उतरलो ना मी घाट," ते शेवटी म्हणाले. "परवा. ह्याच्यावरच."

तेजलने त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन दिला. कोंडीरामांनी घसा खाकरला. "दाजी, माझी तारीख परवाची हाय. उद्याची करून घेऊ का?"

"आजचीच कर रं, गाढवा!" सोपानराव ओरडले, आणि त्यांचा आवाज परत आला तसं आम्ही सगळेच हसलो. सोजराबाई सोडून. त्या आपला पदर बघत होत्या.

आता दुरुस्त करायचं कशाने? नवी पिन आणि नट व्हॅनमध्ये होते, ते नेहमीच असतात. पण वर्कशॉपची हत्यारं पूजेत, सोपानरावांचीही पूजेत. बुद्धरत्न चादरीपाशी जाऊन उभा राहिला आणि मागे वळला. "आजी, हे तुम्ही पूजलंय. मी कसं उचलू?"

सोजराबाईंनी मला विचारलं, "वैनी, उचलावा का?"

आता मात्र मला सुचलं. मी म्हटलं, "तुम्ही पूजलाय, तुम्हीच द्या. देवाच्या हातून घेतल्यासारखा होईल." खरं सांगते, शास्त्रात काय आहे मला ठाऊक नाही. पण त्या क्षणी मला अगदी तसंच वाटलं, आणि आता लिहितानाही तसंच वाटतंय.

त्यांनी पान्यावरचं फूल उचलून स्वतःच्या अंबाड्यात खोवलं, पाना दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला आणि बुद्धरत्नच्या ओंजळीत ठेवला. त्यानेही तो कपाळाला लावला. मग दोन्ही गाड्यांच्या पिना बदलून झाल्या. सोपानराव अर्धा वेळ त्याच्या बाजूला उताणे पडून बॅटरी धरत होते, "भावा, पुन्हा एकदा आवळ," म्हणत होते. काम झाल्यावर बुद्धरत्नने सवयीने खिशातून भगव्या रंगाची बाटली काढली, तिच्याकडे पाहिलं आणि तशीच परत ठेवली.

"हिरवा लावू या उद्यापासून," तो तेजलला म्हणाला.

"हिरवा ठिपका दर्ग्याला जाणारे लावत असतील तर?"

"मग निळा?"

"तुझ्या आत्या म्हणतील, आपलीच गाडी."

"म्हणतीलच. वर जयंतीला सजवून आणतील," तो हसला, ती मोडकी पिन हातात आल्यापासून पहिल्यांदा मोकळा. मग ठरलं, रंगच नको. नंबर ठोकलेली पत्र्याची छोटी चकती तारेने बांधायची. ती कुठल्याच देवाला वाहत नाहीत.

नैवेद्याची पुरणपोळी खाऊनच आम्हाला सोडलं. सोपानराव निघाले नाहीत. जहाज गाठायला माल दुसऱ्या गाडीत चढवायला त्यांनी फोन लावला. कारण विचारलं तर म्हणाले, "आज गाडीबी घरीच राहू दे. तिला बघत बसतो."

परत येताना व्हॅनमध्ये तेजलने फोन काढला आणि आपल्या मॅनेजरला लावला. सगळं सांगितलं. बुद्धरत्नचं नाव घेतलं नाही. "आपण नुसता ठिपका बघून झालेल्या म्हणून टाकलेल्या सगळ्या गाड्या परत बोलवायला लागतील, सर," एवढं म्हणाली. पलीकडून सर बराच वेळ काहीतरी सांगत होते. "हो सर. मीच सांगितलं होतं त्यांना झालं म्हणून. मीच सांगते, नाही झालं." गाडी चालवणाऱ्या बुद्धरत्नने रस्त्यावरची नजर हलवली नाही. फक्त एकदा डोळे पुसले.

ज्यांना एकदा हाक मारून, बाबापुता करून, बायकांकरवी आणवलं, त्यांतल्याच काहींना आता पुन्हा हाक मारायची. लोक चिडतील. शिव्याही देतील. "तुमचं कंपनीचं काही खरं नाही," म्हणतील. ह्या पोरीला त्याचं काहीच वाटलं नाही असं नाही, चेहरा उतरला होताच. पण ती बोटांवर मोजत होती, कुठल्या गावच्या गाड्या, कुणाच्या घरी सासू आहे, कुणाच्या घरी आजी.

मी रोज दुपारी वहीत चार ओळी लिहिते. भाजी काय केली, देवळात कोण भेटलं, एवढंच असतं. आज पानंच्या पानं झाली. ह्यांनी पूजा छान मांडली होती, फक्त समई मांडली नव्हती. ती ताटात तशीच, अर्धी काळी, अर्धी लख्ख. देवापुढे बसले तर नेहमीचे शब्द आठवेनात. सारखा तो पदर डोळ्यांसमोर येत होता. आपण आयुष्यभर शेंदूर वाहतो आणि वाटतं, झालं, देवाच्या हवाली केलं. आणि एक म्हातारी तो शेंदूर पुसून बघते, की खाली काय आहे. ह्यापेक्षा मोठी भक्ती मी अजून पाहिलेली नाही. ती तिच्याकडून ज्या पोरीने मातीत बसून करवून घेतली, तिला मी जिन्यात रोज "काय गं, जेवलीस का?" एवढंच विचारत आले.

आत्ताही तेच विचारलं. खालून तेजलचा आवाज आला, "पुरणपोळी कुठे जिरलीय, काकू? येताय का? आळंदी फाट्यावर एक गाडी उभी आहे पूजेला, ठिपक्यावर पास झालेली. मालकाच्या आजीला भेटायला जायचंय."